शिकाऊ उमेदवाराचा उस्ताद कोण?

२० मार्च २०१८. सकाळच्या ऐन गर्दीत माटुंगा आणि दादर यांच्या मध्ये शेकडो तरुण रुळांवर उतरले आणि मध्य रेल्वेची लोकल वाहतूक काही तास बंद पडली. ही मुले शिकलेली होती, तीही रेल्वेनेच शिकवलेली. रेल्वेच्या कार्यशाळांत त्यांनी शिकाऊ उमेदवार म्हणून काम केले होते, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवले होते. रेल्वेभरतीत अशांसाठी २० टक्के जागा राखीव होत्या. ही मर्यादा उठवा आणि आम्हाला थेट सेवेत घ्या, अशी त्यांची मागणी होती. त्या सकाळी दोन प्रश्न समोरासमोर उभे होते. फुकट शिकवले, वर विद्यावेतन दिले, आता नोकरीचीही हमी द्यायची का? आणि उलट बाजूने: आम्ही कामाचे नव्हतो, तर इतके दिवस आम्हाला कामाला लावले कशाला?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ प्रमाणे शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. यंत्रासमोर उभा राहिला की मात्र तो कामगारच असतो. त्याने काढलेला नग विकला जातो आणि त्याचे बोट कापले तर रक्तही तेवढेच येते. हातकाम कामावरच शिकता येते, याबद्दल कुणाचे दुमत नाही. वाद आहे तो शिकवण्याचा खर्च कुणी सोसायचा, शिकणाऱ्याला दाम किती द्यायचे आणि तो खरोखर शिकला की नाही याचा जाब कुणाला विचारायचा, यावर. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नांना मिळालेली उत्तरे ओळीने मांडली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जुन्या पद्धतीत शिकवणारा होता, पण दार बंद होते. कायद्याने दार उघडले आणि शिकवणाऱ्याला वाऱ्यावर सोडले.

घरचा धंदा, बंद दार

गावगाड्यात धंदा शिकायला अर्ज करावा लागत नसे, त्या घरात जन्मावे लागे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’त या व्यवस्थेचे जे चित्र काढले, त्यात बलुतेदाराचे कसब आणि त्याची जात वेगळी काढताच येत नाही. सुताराचा मुलगा वाकस हातात धरण्याआधी कित्येक वर्षे लाकडाच्या ढलप्यांत खेळलेला असे. लाकूड कोणत्या बाजूने फुटते, रंधा कुठे अडतो, हे त्याने शिकण्याआधीच पाहिलेले असे. शिकवणाऱ्याचा स्वार्थही त्यात गुंतलेला होता. पोर तयार झाले नाही तर बलुते कोण राखणार आणि म्हातारपणी कोण पोसणार?

हे शिक्षण किती सूक्ष्म असू शकते, याचा नमुना पाहायचा तर मिरजेला जावे. १९ व्या शतकात तलवारी-भाल्यांची मागणी संपली, तेव्हा हत्यारांना पाणी देणारी, धार लावणारी तिथली शिकलगार मंडळी तंतुवाद्यांकडे वळली. फरीदसाहेबांपासून सुरू झालेली ही परंपरा आज अनेक कुटुंबांत चालू आहे आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा निवडणे, तो वाळवणे, दांडी जोडणे, तबली बसवणे ही कामे बघून, हाताखाली राबून येतात. सगळ्यांत शेवटी येते ते जवारीचे काम. घोडीच्या माथ्याला अगदी किंचित बाक असतो. तार छेडली की ती त्या बाकाला निसटती टेकत राहते आणि त्यातून उपस्वरांची ती झंकारती दाटी उमटते. कानशीचा एक हात जास्त फिरला तर आवाज फाटतो, कमी पडला तर तो कोंडल्यासारखा होतो. बाक किती हवा याचे माप कोणत्याही पट्टीवर नाही. ते कानाने ठरते. आणि तो कान बापाच्या किंवा काकाच्या शेजारी वर्षानुवर्षे बसून तयार होतो. इथे गुरूने ‘थांब’ म्हटले की थांबायचे, एवढाच अभ्यासक्रम.

पण अशा शिक्षणाच्या गुणगानात त्याची किंमत विसरता कामा नये. ज्या घरात कसब, त्याच घरात ते राहिले आणि बाहेरच्याला उंबरठा ओलांडता आला नाही. गिरण्या आल्या तेव्हा यंत्रांपुढे ही बंधने गळून पडतील, असे वाटू शकत होते. तसे झाले नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत नवखा माणूस नात्यातल्या किंवा गावाकडच्या माणसाच्या साच्यावर मदतनीस म्हणून उभा राही, हात बसला की बदली कामगार होई आणि मग कधीतरी कायम. हीसुद्धा उमेदवारीच, फक्त कागदावर नसलेली. मात्र साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटे. साचेखात्यातच पगार जास्त होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ साली सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांच्या तांत्रिक शिक्षणाचा मुद्दा मांडला. सरकारी छापखाने आणि रेल्वे इथे उमेदवार म्हणून त्यांना जागा मिळाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. कॉलेजच्या दाराइतकेच वर्कशॉपचे दारही महत्त्वाचे आहे, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते. उमेदवारीचा कोणताही आढावा या मुद्द्याला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

भट्टी, गॅरेज आणि थापी

कागदावर नसलेली उमेदवारी आजही आपल्या आजूबाजूला सर्वांत मोठी आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली गलाई मंडळी हे त्याचे ठसठशीत उदाहरण. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात या भागातली कुटुंबे उत्तर प्रदेशापासून केरळपर्यंत पसरलेली आहेत. दहावी-बारावी झालेला पोरगा मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात परमुलखात जातो. सुरुवातीला झाडलोट, चहा, भट्टी पेटवणे. मग मूस धरायला मिळते. सोनाराने आणलेल्या मिश्र सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून ते वितळवायचे, नायट्रिक आम्लात टाकायचे. चांदी विरघळते आणि सोने तपकिरी भुकटीसारखे तळाशी राहते. ते धुऊन, टाकणखार घालून पुन्हा आटवले की पिवळेधमक होते. विरघळलेली चांदीही सोडायची नसते. द्रावणात तांब्याचे पत्रे टाकून ती परत मिळवायची. रसायनशास्त्राच्या पुस्तकातले हे धडे या मुलांना पुस्तकाविना पाठ असतात. दुसऱ्याचे सोने हातात असल्यामुळे विश्वास हाच इथला दाखला, आणि तो नात्यातून येतो. काही वर्षांनी तोच पोरगा दुसऱ्या गावात स्वतःचे दुकान टाकतो आणि गावाकडून भाच्याला बोलावतो. दुष्काळी तालुक्यांत यातून पैसा आला, घरे उभी राहिली. पण आम्लाच्या वाफा छातीत घेण्याची किंमत याच पोरांनी मोजली आणि शिकल्याचा कागद त्यांच्यापैकी कुणाकडे नाही.

गॅरेजचे तसेच. ‘बारक्या, दहा-अकराचा पाना दे’ इथून सुरू झालेला मुलगा आधी पंक्चर, मग ऑइल बदलणे, मग ब्रेक आणि क्लच, आणि कधीतरी इंजिन उघडण्यापर्यंत पोहोचतो. उस्तादाने दिलेल्या शिव्यांचा हिशेब नसतो आणि पगाराचाही फारसा नसतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर २०१६ च्या दुरुस्तीने जवळपास सरसकट बंदी आली. ते योग्यच झाले. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने गॅरेजात रीतसर, सुरक्षित आणि कागदोपत्री शिकावे अशी सोय मात्र फारशी उभी राहिली नाही. शिवाय आता उस्तादच अडचणीत आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यापाठोपाठ विजेवरच्या दुचाकी. कानाने इंजिनाची खोट ओळखणाऱ्या उस्तादाला आता स्कॅनर लागतो, आणि तो वापरायला त्याला कुणी शिकवलेले नाही. जो स्वतः शिकणे थांबवतो, त्याच्या हाताखालचा शिकाऊ जन्मतःच मागे पडतो.

बांधकामावर गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. बिगारी म्हणून आलेला पुरुष मालाचे प्रमाण शिकतो, विटा लावून बघतो, ओळंबा धरायला शिकतो आणि पाच-सात वर्षांत गवंडी होतो. त्याच साइटवर तितकीच वर्षे घमेली वाहणाऱ्या बाईच्या हातात थापी सहसा येत नाही. ती बिगारी म्हणून येते आणि बिगारी म्हणूनच थकते. शिकण्याच्या संधीचे वाटप इतके उघड्यावर होत असूनही त्यावर फार कमी बोलले जाते. कुणाला कामाला लावायचे हे मुकादम ठरवतो. कुणाला शिकवायचे हेही तोच ठरवतो आणि ते विचारणारा कुणी नसतो.

हाताला कळते कसे?

हे सगळे पाहून कुणी म्हणेल, सगळे ज्ञान आता चित्रफितींत उपलब्ध आहे, मग उस्तादाची गरजच काय? याचे उत्तर आयटीआयच्या फिटर विभागात पहिल्या काही आठवड्यांत मिळते. लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीने त्याची बाजू सपाट करायची, एवढेच काम असते. ऐकायला सोपे. पण कानस पुढे जाते तसा दोन्ही हातांचा दाब बदलत गेला पाहिजे: सुरुवातीला पुढच्या हाताचा जास्त, शेवटी मागच्या हाताचा. हे जमले नाही की कानस झुलते आणि सपाट व्हायच्या बाजूला पोट येते. मग गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घास. चांगला शिल्पनिदेशक मुलाच्या मागे उभा राहून कानस बघत नाही, तो मुलाचे पाय, कोपर आणि खांदे बघतो. चूक तुकड्यावर दिसते, पण ती असते खांद्यात. ही चूक चित्रफीत पकडू शकत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तिथले शिकाऊ कपडा जसा बनतो त्या क्रमाने शिकत नसत. ते उलट्या टोकाने सुरुवात करत: आधी तयार कपड्यांना इस्त्री, काजे-बटणे, दुमड घालणे, मग शिलाई आणि सर्वांत शेवटी बेतणे. कारण सरळ आहे. बटण चुकले तर उसवता येते, कापड चुकीचे कापले गेले तर गेलेच. या आणि अशा अभ्यासांवरून लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली मांडलेला सिद्धान्त शिक्षणशास्त्रात गाजला: नवखा माणूस कामाच्या काठावरून, पण खऱ्याच कामात शिरतो आणि हळूहळू मध्यभागी येतो. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या कारागिराला यात नवल वाटणार नाही. गलाईचा पोरगा भट्टीपासून मुशीपर्यंत आणि गॅरेजचा बारक्या पान्यापासून इंजिनापर्यंत याच वाटेने जातो.

यातून उमेदवारीची कसोटी हाती लागते. पहिले म्हणजे कामाला चढता क्रम हवा. सहा महिन्यांनी मुलगा तेच काम करत असेल तर तो शिकत नाही, राबतो आहे. दुसरे, माल बिघडवण्याची मुभा हवी. लोखंड असो की कापड, थोडे वाया गेल्याशिवाय हात बसत नाही, आणि हे नुकसान कुणीतरी हिशेबात धरलेले असले पाहिजे. तिसरे, शेजारी असा माणूस हवा, ज्याचे नाव शिकणाऱ्याच्या कामाशी जोडलेले आहे. या तीनपैकी एकही गोष्ट विद्यावेतनाच्या आकड्यात दिसत नाही.

कायद्याची वाटचाल

आपल्याकडे उमेदवारीचा पहिला कायदा १८५० चा. त्याचा रोख अनाथ आणि गरीब मुलांवर होता. त्यांना करार करून एखाद्या कारागिराकडे बांधून द्यायचे, म्हणजे ती पोटापाण्याला लागतील, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे सुरुवातीपासूनच उमेदवारीवर गरिबांच्या सोयीची मोहोर बसली. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी सक्तीची होती. ॲडम स्मिथने १७७६ साली तिच्यावर कडाडून टीका केली आणि १८१४ मध्ये ती सक्ती उठली. आपल्याकडचा कायदा त्यानंतर आला आणि तोही अनाथालयाच्या वाटेने.

१९ व्या शतकाच्या शेवटी विचार बदलला. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभे राहिले. १८९० साली सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात कलाभवन काढले, तिथे दादासाहेब फाळकेही शिकले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवत होते. पुढे त्यांनी सायकलचे दुकान काढले, लोखंडी नांगर केला आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. त्या माळावर तयार कारागीर कुठून येणार? आसपासच्या खेड्यांतली माणसे घेऊन, त्यांना कामावरच शिकवून कारखाना चालवण्याखेरीज इलाज नव्हता. शंभूराव जांभेकरांसारखा पदवी नसलेला माणूस तिथे इंजिनीअर म्हणून नावाजला गेला. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाची पहिली पिढी अशी घडली. तेव्हा उमेदवारी ही कुणी लादलेली अट नव्हती, ती कारखान्याची गरज होती.

या वाटेला समांतर एक शैक्षणिक धागाही आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्या, असे सुचवले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाभोवती सगळे शिक्षण गुंफण्याची नई तालीम मांडली. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती ही कामे गावाच्या खऱ्या गरजांवर शिकतात. नई तालीम सरकारी शाळांत सूतकताईच्या तासापुरती उरली आणि विरली. पाबळचा प्रयोग टिकला, कारण त्यात केलेल्या कामाला गिऱ्हाईक होते.

स्वातंत्र्यानंतर १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आयटीआयचे जाळे पसरले. एकट्या महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. त्याला जोड म्हणून १९६१ चा अधिनियम आला. आयटीआयमध्ये पाया आणि कारखान्यात सराव, अशी ही जोडी होती. या कायद्यात चांगल्या गोष्टी कमी नाहीत. कामाचे तास ठरलेले, परवानगीशिवाय ओव्हरटाइम नाही, अपघात झाला तर कामगाराप्रमाणे भरपाई, अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि २००७ पासून इतर मागासवर्गीयांसाठीही राखीव जागा. जे दार जातीने बंद होते, ते निदान कागदावर तरी उघडले.

शिकवणाऱ्याबद्दलही कायद्यात लिहिलेले आहे. प्रशिक्षणाची सोय करणे, मालक स्वतः त्या ट्रेडचा जाणकार नसेल तर तशी पात्र व्यक्ती नेमणे आणि पुरेसे शिकवणारे ठेवणे, ही मालकाची जबाबदारी आहे. पण अंमलबजावणीचा सगळा भर किती शिकाऊ घेतले यावर राहिला, कुणी शिकवले यावर नाही. नोकरीचा प्रश्नही अर्धवट राहिला. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाकी गोष्टी समान असतील तर भरतीत प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्यावे. हक्क मात्र दिला नाही. माटुंग्याच्या रुळांवरचा वाद याच फटीतून उगवला.

आकड्यांतला शिकाऊ

डिसेंबर २०१४ च्या दुरुस्तीने कायद्याचा सूर बदलला. कायदा मोडणाऱ्या मालकाला तुरुंगवास होऊ शकत असे, तो गेला आणि दंड राहिला. कोणत्या ट्रेडमध्ये किती शिकाऊ घ्यायचे हे सरकार ठरवत असे. त्याऐवजी एकूण मनुष्यबळाच्या अडीच टक्क्यांपासून वरची एक पट्टी आली आणि २०१९ च्या नियमांनी तिची वरची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत नेली. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ घेणे बंधनकारक झाले. विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरले. हे वाढवून ६,८०० ते १२,३०० करावे, अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने २०२५ मध्ये केली. २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलते.

उद्योगांची तक्रार होती की जुना कायदा जाचक आहे, आणि ती खोटी नव्हती. पण सवलतींचा परिणाम दुहेरी झाला. चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा सातपूरच्या कोणत्याही गेटवर शिफ्ट सुटताना थांबले तर वेगवेगळ्या रंगांच्या ओळखपत्रांची मुले बाहेर पडताना दिसतील: कायम, कंत्राटी, शिकाऊ, ट्रेनी. लाइनवर सगळ्यांचे काम बरेचदा एकच असते. जिथे सायकल टाइम सेकंदांत मोजला जातो, तिथे असेंब्ली लाइनवरचा मुलगा एकच नट घट्ट करत वर्ष काढतो. त्याला मशीन उघडून दाखवायला कुणाला वेळ नसतो. माल बिघडवण्याची मुभा तर सोडाच, रिजेक्शन त्याच्या नावावर मांडले जाते. शिकाऊ म्हणून घेतलेल्या मुलांचा स्वस्त मनुष्यबळ म्हणून वापर होतो, ही कामगार संघटनांची जुनी तक्रार. अखिल भारतीय तांत्रिक शिक्षण परिषदेची ‘नीम’ ही प्रशिक्षण योजना याच वादात सापडली आणि २०२२ च्या अखेरीस गुंडाळली गेली.

दरम्यान योजनांची संख्या वाढत गेली. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. मुदत संपत आली तसे ‘आम्हाला कायम करा’ म्हणत प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी केंद्राने पाचशे मोठ्या कंपन्यांत इंटर्नशिपची योजना जाहीर केली, महिना ५,००० रुपयांची. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आणले आणि महाविद्यालये विद्यार्थ्यांसाठी कंपन्यांचे उंबरे झिजवू लागली. या प्रत्येक योजनेत शिकणाऱ्याला किती मिळणार हे स्पष्ट आहे. त्याला शिकवणाऱ्याला काय मिळणार, याचा उल्लेख शोधावा लागतो.

पारंपरिक कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेचे वेगळे मोल आहे. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, गवंडी, शिंपी अशा १८ व्यवसायांना ओळखपत्र, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने ३ लाखांपर्यंत कर्ज मिळते. गुरु-शिष्य परंपरेचे नाव या योजनेत आवर्जून घेतले जाते. प्रत्यक्षात मूलभूत प्रशिक्षण पाच-सात दिवसांचे, रोजच्या ५०० रुपये विद्यावेतनासह. हातात आधीच कसब असलेल्याला ते पुरते. पण कारागिराने दोन वर्षे एका नवख्याला, आपल्या जातीबाहेरच्या मुलाला किंवा मुलीला, हाताखाली घेतले तर त्याबद्दल त्याला काय मिळेल, याची तरतूद खरी गरजेची होती. जात-घराण्याबाहेर कसब नेण्याची ती संधी होती.

जर्मनीकडून काय घ्यावे

कौशल्यविकासाची चर्चा निघाली की जर्मनीचे नाव येतेच. तिथे मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत घालवतो. सुमारे सव्वातीनशे मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत, मुदत बहुधा तीन ते साडेतीन वर्षे. १९६९ च्या कायद्याने ही घडी बसवली. परीक्षा कंपनी घेत नाही, शाळाही घेत नाही. ती उद्योग आणि हस्तव्यवसाय यांची मंडळे घेतात. मोबदला युनियनशी झालेल्या करारांतून ठरतो.

आपण या पद्धतीतला ‘कंपनी अधिक शाळा’ हा भाग उचलतो आणि तिचा कणा सोडून देतो. शिकाऊ घेणाऱ्या जर्मन कंपनीत शिकवण्याची वेगळी परीक्षा दिलेला माणूस सर्वसाधारणपणे असावाच लागतो. काम उत्तम येणे वेगळे आणि ते शिकवता येणे वेगळे, हे तिथल्या व्यवस्थेने मान्य केले आहे. त्या पद्धतीतही दुखणी आहेत. मुलांची वेगवेगळ्या शिक्षणशाखांत वाटणी फार कमी वयात होते, आणि एकीकडे जागा रिकाम्या तर दुसरीकडे मुले जागांविना, असे चित्र तिथेही दिसते. ब्रिटनने २०१७ पासून मोठ्या कंपन्यांच्या पगारखर्चावर अर्ध्या टक्क्याचा उमेदवारी कर लावला, तर अनेक कंपन्यांनी तो पैसा आधीच नोकरीत असलेल्या व्यवस्थापकांच्या अभ्यासक्रमांवर खर्च केला. पैसा आला म्हणून शिकवणारा आपोआप येत नाही, हा त्यातला धडा.

महाराष्ट्राला हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. इथल्या इलेक्ट्रिशियनला, नर्सला, ड्रायव्हरला तिथे जायचे असेल तर भाषेइतकाच मोठा अडथळा त्याच्या कौशल्याच्या मान्यतेचा आहे. आपले प्रमाणपत्र तिथे किती वजनाचे ठरेल, हे ते मिळवताना त्याने खरोखर काय केले यावर ठरणार.

पुढे काय

उपाय नव्या योजनेत नाही, आहे त्या कायद्यातल्या एका दुर्लक्षित बाजूला जागे करण्यात आहे. कारखान्यात दहा-बारा शिकाऊंमागे एक अनुभवी कामगार शिकवणारा म्हणून नेमावा. त्याच्या उत्पादनाच्या टार्गेटमधून तेवढे तास वजा करावेत आणि त्याला त्याचा भत्ता मिळावा. प्रोत्साहन योजनेचा पैसा सध्या फक्त विद्यावेतनावर जातो. त्यातला काही भाग या भत्त्याकडे वळवता येईल. शिकाऊने दर तिमाहीत कोणते नवे काम केले याची नोंदवही असावी आणि ती दोघांच्या सहीने भरावी. परीक्षेत लेखी प्रश्नांपेक्षा हाताने केलेल्या जॉबला वजन असावे आणि तो तपासणारा त्या कंपनीचा नसावा.

लहान वर्कशॉप, गॅरेज आणि बांधकाम यांना कायद्याच्या कक्षेत ओढणे अवघड आहे, पण त्यांच्या उस्तादाला मान्यता देणे अवघड नाही. त्याच्या कामाची परीक्षा घ्या, त्याला नवे तंत्र शिकवा, हाताखाली घेतलेल्या मुलामुलींच्या प्रगतीनुसार मानधन द्या आणि त्यांचे वय व सुरक्षितता तपासा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे उपकराचा निधी आहे. घमेली वाहणाऱ्या बायकांना थापी शिकवणाऱ्या गवंड्याला त्यातून मानधन देण्यात तत्त्वतः अडचण काय?

यावर उद्योगांचा आक्षेप ठरलेला आहे: आम्ही शिकवायचे आणि मुलाने शेजारच्या कंपनीत दोन हजार जास्त घेऊन जायचे. आक्षेप खरा आहे. पण तो एकट्या कंपनीपुरता खरा आहे. पूर्ण औद्योगिक वसाहतीने मिळून शिकवले तर शेजारून आलेला मुलगाही तयारच असेल. पुणे किंवा नाशिकच्या उद्योजक संघटनांना सामायिक प्रशिक्षक नेमणे, त्यांचा खर्च वाटून घेणे अशक्य नाही.

आज शिकाऊच्या प्रमाणपत्रावर त्याचे, ट्रेडचे आणि आस्थापनेचे नाव असते. त्यावर शिकवणाऱ्याचेही नाव आणि सही बंधनकारक करा. एवढ्याने व्यवस्था बदलणार नाही, पण कुणाचे तरी नाव पणाला लागेल, आणि सही करण्याआधी तो माणूस एकदा तरी मुलाचा जॉब हातात घेऊन बघेल. यंदा किती लाख शिकाऊ घेतले हे आकडे जाहीर होतच राहतील. त्यांच्याशेजारी किती जणांनी शिकवले हा आकडा छापायला सुरुवात झाली, की उमेदवारी योजनेचे खरे मूल्यमापन करता येईल.